सातव्या प्रश्नावरची टिक

रविवार, २७ एप्रिल

जिंकलो! २१-१४. आणि पूर्ण मॅचमध्ये आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, एकदाही कुणी आडवं पाडलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण स्कोअरशीटवर हे येत नाही. बॉल फेकणाऱ्याचं नाव येतं, झेलणाऱ्याचं येतं. फेकणाऱ्याच्या पुढे भिंतीसारखे उभे राहून मार खाणारे आम्ही पाच जाडे — आमचं काही नाही. असो. ज्याला कळतं त्याला कळतं.

वजन १२१ किलो. नागपुरात शाळेत मला ‘पोतं’ म्हणायचे. पुण्यात कॉलेजला ‘ट्रक’. लग्न ठरलं तेव्हा ऋजुताच्या मावशीने हळूच विचारलं होतं, मुलाला थायरॉइड वगैरे नाही ना? आणि इथे ब्रिस्टलमध्ये, एकोणचाळीस वर्षांचा असताना, अमेरिकन फुटबॉलच्या कोचने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, इतकी वर्षं होतास कुठे तू? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वजनाकडे आशेने बघत होतं.

घरी आलो तर सान्वी दारातच — “बाबा, तुझा टीम जिंकला?” आठ वर्षांची आहे, तिचं मराठी असंच. आज सुधारलं नाही. जिंकला म्हटलं.

मंगळवार, २९ एप्रिल

मान वळत नाही. ऑफिसमध्ये अख्खा देह वळवून बोलतोय. कुणी ‘काय झालं’ विचारलं की सांगायला मजा येते.

गुरुवार, ८ मे

प्रॅक्टिसआधी कोचने सगळ्यांना खाली बसवलं. मागच्या सीझनला दुसऱ्या एका क्लबचा मुलगा प्रॅक्टिसमध्ये कोसळला. धक्का नाही, टक्कर नाही, नुसता चालत होता. हृदय थांबलं. सगळे गोल करून उभे राहिले आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत संपलं.

म्हणून यंदा आमच्याकडे तीन गोष्टी. प्रत्येकाचा ईसीजी आणि एक फॉर्म. शॉक द्यायचं मशीन — डिफिब — कायम मैदानाच्या कडेला. आणि कुणी पडला तर कुणी काय करायचं याचं ड्रिल. “अजय, तू इंजिनिअर आहेस, ड्रिल तुझ्याकडे.”

बोलून चालून माझं पोट त्याच्यावर चालतं. विमानाचा पंख कुठे तडकेल ते शोधायचं आणि तडकणार नाही अशी खात्री झाली की सही करायची. घरी येऊन यादी केली. ऋजुता म्हणाली, एवढ्या उत्साहाने तू डिशवॉशर कधी लावणार? दुर्लक्ष केलं.

रविवार, १८ मे

सकाळी क्लबहाऊसमध्ये ईसीजी. चाळीस उघडेबंब पुरुष रांगेत, बाहेर अकरा डिग्री. फॉर्मवर चौदा प्रश्न. रिस — आमचा वेल्श लाइनबॅकर, म्हणजे बचावातला, चोवीस वर्षांचा, न्यूपोर्टहून येतो — कोपऱ्यात बसून आईला फोन करून विचारत होता, आजोबा कशाने गेले? मी त्याची भरपूर खेचली. माझा फॉर्म दोन मिनिटांत झाला. सगळीकडे ‘नाही’. वर सगळ्यांना सांगत फिरलो, नीट भरा रे, थट्टा नाही ही.

मग पहिलं ड्रिल. एक जण पडायचं नाटक करणार. दोघे मशीन आणायला, एक ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ ला फोन, एक तिच्यासाठी गेट उघडायला, दोघे कात्रीने जर्सी आणि छातीवरच्या पॅड्सच्या नाड्या कापायला, मी छाती दाबायला. आमच्या खेळात हीच मुख्य भानगड: छातीवर प्लास्टिकचं चिलखत. ते उघडल्याशिवाय शॉक देताच येत नाही.

किती वेळ लागला? चार मिनिटं दहा सेकंद. मशीन कपाटात कुलूपबंद आणि किल्लीवाला गेलाय स्पेनला! माझं डोकं फिरलं. नको नको ते बोललो, त्यातलं निम्मं मराठीत.

सोमवार, २ जून

हार्ट क्लिनिकचं पत्र. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो तो माझा वरच्या मर्यादेला टेकलाय म्हणे. पण त्रास काही नाही, कुटुंबात कुणाला काही नाही, तेव्हा खेळायला हरकत नाही. हरकत नाही! बाकीचं कोण वाचतो. रिसचा ईसीजी तर एकदम स्वच्छ आला.

गुरुवार, १२ जून

ड्रिल: एक मिनिट पस्तीस. कुलूप मी स्वतः काढून टाकलं.

रविवार, २२ जून

रिस जिवंत आहे. उद्या लिहितो.

सोमवार, २३ जून

मॅचचा तिसरा क्वार्टर संपत आलेला. रिस मैदानाबाहेर येत होता, चालत. मी त्याला पाणी द्यायला बाटली पुढे केली. त्याने हात पुढे केला आणि तसाच खाली गेला. हात टेकवला नाही, काही नाही.

आणि कुणीही गोल करून उभं राहिलं नाही. हेच मला सांगायचंय. मी फक्त “ड्रिल” म्हणालो. नीट तोंडातून निघालंही नसेल. दोघे मशीनकडे, एक गेटकडे, कात्री चाललेली, आमचा क्वार्टरबॅक ९९९ शी पत्ता बोलत होता, एकदम शांत. मी छाती दाबायला लागलो. रिस मधेच घरघरल्यासारखा श्वास घ्यायचा. तो श्वास नसतो, थांबायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं. नाहीतर थांबलो असतो. मशीन म्हणालं, लांब व्हा. शॉक. पुन्हा दाबायला लागलो. त्याने माझा हात ढकलला. मग मला शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आजवर ऐकलेली नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईंनी विचारलं, पहिला शॉक कधी? कोचने घड्याळ लावलेलं. एक मिनिट अठ्ठावीस. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलच्या वॉर्डातसुद्धा कधी कधी इतकं लवकर होत नाही. मी तोंड फिरवून रडलो. एकशे एकवीस किलोचा माणूस, हुंदके देत.

बुधवार, २५ जून

रिस बसून टोस्ट खातोय. छातीत छोटं यंत्र बसवणार आहेत. ऑफिसमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋजुताने तिच्या तिन्ही ग्रुपवर टाकलं आणि मला दाखवलं नाही, पण कॉव्हेंट्रीच्या श्यामलामावशींचा फोन आला, म्हणजे टाकलंच. मला आज फार भारी वाटतंय. उगाच नम्रपणा कशाला? वाटतंय.

शनिवार, २८ जून

आईबाबांना नागपूरला व्हिडिओ कॉल. सगळं साग्रसंगीत सांगितलं. ठणठणीत पोरगा, कुणी हात लावला नाही आणि चालता चालता खाली. बाबा ऐकत होते. मग चष्मा काढला, उठले आणि बाल्कनीत गेले.

मी म्हटलं, काय झालं? आईने आवाज एकदम खाली आणला. “शशिधर भाऊजी असेच गेले रे.”

शशिधरकाका. माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी तलावात बुडालेला बाबांचा धाकटा भाऊ. आमच्या घरात हे एवढंच वाक्य आहे, त्याच्या पुढेमागे कुणी बोलत नाही. मी म्हटलं, ते तर बुडाले ना? आई म्हणाली, “बुडतील कसे बाप्पा? विद्यापीठाची पोहण्याची पदकं होती त्यांना. वीस वर्षांचे. मध्यावर पोचले अन् थांबले. हे काठावर बसलेले. भाऊजींची खोडच होती, पाण्यात तोंड खुपसून निपचित पडायचे, लोकांना घाबरवायला. ह्यांना वाटलं मस्करी. हे हसत बसले.”

मग बाबांनी उडी मारली. तोवर उशीर झालेला.

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत बाबांशी कामापुरतंच बोलायची. मला लहानपणी वाटायचं, तिचा स्वभावच तसा.

रविवार, २९ जून

फॉर्मचा फोटो फोनमध्ये आहे. प्रश्न सातवा: कुटुंबात चाळिशीच्या आत कुणाचा अचानक, कारण न कळता मृत्यू? — पोहणारा बुडाला असेल तर तोही इथे धरावा. स्पष्ट छापलंय. पुढे माझी ‘नाही’ वरची टिक. ठसठशीत.

दोन मिनिटांत भरला होता. आणि हरकत नाही हे पत्र आलं ते त्या टिकच्या भरवशावर.

गुरुवार, ३ जुलै

कुणालाच सांगितलं नाही. ऋजुतालाही नाही. सांगितलं की कोच मला बाहेर बसवणार, त्यात शंका नाही. रविवारी मॅच आहे. १७ ऑगस्टला फायनल. पुढच्या वर्षी मी चाळीस. मला परत कोण घेणार? आणि असेल काय, बुडाला असेल बिचारा, पायात गोळा आला असेल. कशाला चाळीस वर्षांपूर्वीचं उकरायचं?

आजच्या प्रॅक्टिसमध्ये काही झालं नाही. उत्तम खेळलो. बघ, असं स्वतःलाच म्हटलं.

शुक्रवार, ४ जुलै

ऑफिसमध्ये अक्षया रिपोर्टवर सही घ्यायला आली. पुण्याहून येऊन तिला चार महिने झालेत, हुशार आहे. ‘आधीचं नुकसान’ या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलेलं. मी विचारलं, जुनी फाइल बघितलीस? म्हणाली, “नाही अजयदादा, कधी काही नसतंच ना, म्हणून.”

झाडलं तिला. बघितलं नाही तर ‘माहीत नाही’ लिही, ‘नाही’ लिहायचा तुला अधिकार काय? या पंखावर माणसं बसतात! ती सॉरी म्हणाली, कानाच्या पाळ्या लाल.

आणि मी तिथे बसलोय, मोठा सहीवाला.

पाच मिनिटांनी तिच्या डेस्कजवळ जाऊन माफी मागितली. तिला कळेना कशाबद्दल. मग जिन्यात जाऊन कोचला फोन केला. एका दमात सांगितलं. तो एवढंच म्हणाला, रविवारी खेळायचं नाही, सोमवारी क्लिनिकला मी स्वतः फोन करतो. मग म्हणाला, थँक यू. मला वाटलं होतं चिडेल.

ऋजुताला रात्री जेवताना सांगितलं. ती चिडली. भरपूर. “आठवडाभर, अजय? आठवडाभर?” सान्वी वरण-भाताकडे बघत बसली. ऋजुताचं बरोबर आहे.

रविवार, ६ जुलै

कडेला उभा. डिफिबची बॅग माझ्या पायाशी. क्वार्टरबॅक तीनदा आडवा झाला. तीनदा! वाईट वाटलं आणि आतून थोडं बरंही वाटलं. असा मी आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

ट्रेडमिलवर पळवलं, चोवीस तास छातीला वायरी लावून ठेवल्या. डॉक्टर सुप्रभा म्हणून आहेत, सोलापूरच्या, इथे वीस वर्षं. मराठीत बोलल्या तेव्हा मी निम्मा बरा झालो. म्हणाल्या, पळल्यावर तुमच्या ठोक्याचा वेळ सरळ मर्यादेबाहेर जातो. बहुतेक जन्मजात, घराण्यातून आलेलं. रोज एक गोळी, यंदा खेळ बंद, पुढचं पुढे बघू. रक्त जनुकाच्या तपासणीला. सान्वीचंही घेतलं. ती रडली नाही, मीच खिडकीबाहेर बघत होतो.

मी विचारलं, खेळत राहिलो असतो तर? त्या म्हणाल्या, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित मैदानातल्या पोरांना ड्रिल करावं लागलं असतं. मग म्हणाल्या, फॉर्म भरल्यावर चुकलं म्हणून परत येणारे तुम्ही मला भेटलेले पहिलेच.

हे मी तीनदा वाचलं, आत्ता लिहिल्यावर.

रविवार, १७ ऑगस्ट

फायनल. २०-१७. आपली! माझ्या जागी खेळणाऱ्या पोराला महिनाभर मी शिकवलंय, पाय कुठे ठेवायचा, खांदा कधी घालायचा. क्वार्टरबॅक एकदाच आडवा. एकदाच. रिस माझ्या शेजारी, शर्टाखाली यंत्राचा उंचवटा. दोघे नापास, असं म्हणाला आणि माझ्याच डब्यातला चिवडा संपवला. फोटोत मला मधोमध उभं केलं. तसाही मी कडेला मावत नाही.

कोचने सांगितलं, सातव्या प्रश्नासाठी पुढच्या वर्षीपासून फॉर्म आठवडाभर आधी घरी द्यायचा. आईला फोन करून भरायचा. पोरांनी त्या नियमाला माझं नाव दिलंय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. दोष माझ्यात आहे, बहुतेक बाबांच्या बाजूने. सान्वीत नाही. ऋजुता स्वयंपाकघरात खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, या प्रकारात बरेचदा पोहतानाच हृदय थांबतं. काका बहुतेक बुडालेच नाहीत, पाण्यात तोंड गेलं त्याआधीच गेले. काठावरून त्याच क्षणी उडी मारली असती तरी, त्या काळी, कुणाच्या हातात काही नव्हतं.

बाबांना फोन लावला. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पुन्हा सांगायला लावले, पुन्हा सांगितले.

मग म्हणाले, “माझ्या आईला कळायला पाहिजे होतं रे हे.”