आमचुराची वाटी

प्रिय मृणाल,

मेसेज न करता कागदावर लिहिते आहे, कारण तुझा फोन हर्षल बघतो. तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस, पासवर्ड किती हक्कानं मागितला त्यानं म्हणून. तुझे ब्लाउज हिमानीकडे शिवायला आहेत ना, त्या पिशवीत हे पत्र ठेवायला मी तिला सांगणार आहे. तिनं वाचलं तरी चालेल. तुझ्याआधी त्या घरात कुणी वाचू नये, एवढंच.

माघात तुझं हर्षलशी लग्न आहे, आणि ज्या घराला मी पोळ्यानंतर नकार कळवला त्याच घरात आहे. तेव्हा मी काहीही लिहिलं तरी ते पोटातल्या जळफळाटाचंच वाटणार. तू तसं विचारलंही होतंस, शेवटी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून: ‘जळतंय का गं? तुला तर आठ पायांचा नवरा पाहिजे.’ मी त्यावर अंगठा पाठवला आणि दिवसभर तो अंगठा बघत बसले. खरंच जळतंय का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं आहे. थोडं जळलंही असेल. पण मी जे लिहिणार आहे ते त्यातून आलेलं नाही.

आपला कोळ्यांचा प्रकल्प आठवतो? तू आमच्या केळीच्या बागेत यायचीस, ओढणी डोक्याला गच्च बांधून, आणि घडावरून काही सरकलं की माझ्या पाठीमागे लपायचीस. तरी बघायचीसच. दोन केळींच्या मधल्या जाळ्यात जाड पांढऱ्या धाग्यांची फुली काढून तिच्यावर पाय जोडजोडीनं ठेवून बसणारी कोळीण तुझी आवडती. ही सही करून बसली आहे, म्हणजे जागा हिच्या नावावर, असं तू म्हणायचीस. आई तेव्हा आपल्याला हसायची. पुस्तक उघडून कोळी वाचणाऱ्या मुली तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. तिचं ज्ञान वेगळं. भिंतीवर कोळ्याची ती पांढरी, कागदासारखी चपटी टिकली असते, ती विळा लागला की जखमेवर चिकटवायची, रक्त थांबतं. आणि अंगावर पाणीदार फोड उठले की कोळी मुतला, त्यावर आमचुराचा लेप रगडायचा. मी घरातली पहिलीच शिकलेली, त्यामुळे तिला सुधारताना माझी जीभ अडखळायची. कोळी तसं काही करत नाही गं, पावसाळ्यात दिव्याभोवती लाल-काळा बारीक किडा येतो, तो अंगावर चिरडला की कातडी भाजल्यासारखी होते, हे मी तिला एकदा नीट समजावलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, असेल माय, पण आमचूर त्याच्यावर बी चालतं.

हर्षलचं स्थळ आलं तेव्हा माझे हे कोळी अडचणीचे होतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्यालाच ते आवडले. मला जाळी दाखव म्हणून तो आमच्या बागेत आला. मी त्याला तुझी ती फुलीवाली दाखवली. त्यानं खिशातून लायटर काढला आणि जाळ्याच्या एका कोपऱ्याला लावला. धागे कसे आखडतात ते बघायचंय, म्हणाला. एकेक धागा आक्रसत गेला आणि ती मधोमध बसून राहिली. जाळं सोडून पळावं की नाही, हे तिला ठरवता येत नसावं. मी लायटरवरून नजर उचलली तर तो कोळ्याकडे बघतच नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मग लायटर विझवून हसला आणि म्हणाला, ‘डर गई क्या?’ मी नाही म्हणाले. शहरातली मुलं अशीच चेष्टा करत असतील, असं मी मनाला सांगितलं.

भाद्रपदात आम्ही त्यांचं घर बघायला शहरात, इतवारा पेठेत गेलो. अण्णा, आई आणि मी. हल्ली मुलीही जातात, म्हणून मलाही नेलं. घर छान आहे, तू पाहिलंसच. मावाजिलेबी त्यांनी घरीच तळली होती, रव्या-तुपाचा गोड दराबा होता, आणि सगळं आणून देत होत्या कोकिळावहिनी, हर्षलच्या मोठ्या भावाची बायको. डोक्यावरचा पदर त्या डाव्या हातानं सावरत होत्या आणि उजवा हात पदराखाली होता. आईच्या पुढ्यात ताटली ठेवताना पदर सरकला. मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपराकडे जाणारा लाल पट्टा होता आणि त्यावर पाणी भरलेले फोड.

आईनं लगेच तो हात धरला. ‘काय झालं व माय हाताले?’ वहिनी काही बोलायच्या आत त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, ‘कोळी मुतला, दुसरं काय. आमच्या घरात फार त्रास आहे त्यांचा.’ हर्षल हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ही तर यांच्या ओळखीतली मंडळी. सगळे हसले. मीही हसले, मृणाल. तो किडाच असणार, असं मला वाटलं, पाऊस होता, दिवे होते. पाहुण्यांच्या घरात पुस्तकी ज्ञान सांगत बसू नये म्हणून मी गप्प राहिले.

आईला मात्र आपण उपयोगी पडतो आहोत याचा आनंद झाला होता. एवढ्या मोठ्या घरात तिला बोलायला काही सापडत नव्हतं, आणि हे तिला येत होतं. तिनं आमचूर मागितलं. सासूबाई म्हणाल्या, अहो लावेल ती नंतर. आई म्हणाली, नंतर कशाले, ओलं आहे तोवर रगडलं तरच उतरतं. तेव्हा हर्षल स्वतः उठला, आत गेला आणि वाटीत आमचूर कालवून घेऊन आला. आईनं वहिनींना शेजारी बसवलं, हात मांडीवर घेतला आणि लेप लावायला लागली. नुसता लावत नव्हती, अंगठ्यानं रगडत होती, आपल्याकडे रगडतात तसा. फोड फुटले. वहिनींच्या पायाची बोटं फरशीवर वळली आणि तशीच राहिली. चेहरा होता तसाच. आईनं विचारलं, बरं वाटतं का? त्या म्हणाल्या, ‘थंड वाटतंय, मावशी.’ सासूबाई म्हणाल्या, बघा, किती मायेनं लावतात, अशी माणसं जोडली जायला नशीब लागतं. हर्षल वाटी धरून वाकून उभा होता. तो म्हणाला, ‘किनाऱ्याला राहिलं, मावशी. और थोडा लगाओ.’

मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. लेप पसरायचा राहिला होता त्या भागात लाल कातडीच्या आत बारीक गोल ठिपके होते. तेवढेच न भाजलेले, पांढरट, एकाच मापाचे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर आणि ओळीनं. किडा चिरडला तर लांबट वेडावाकडा ओघळ उठतो. ओळी कोणताही किडा काढत नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. कढई अजून कोमट होती आणि तिच्यावर जिलेबीचा झारा आडवा ठेवलेला होता. मी त्याच्या छिद्रांवर बोट ठेवून पाहिलं. मग बाहेर आले आणि ताटलीतली जिलेबी संपवली, कारण टाकली असती तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

तू म्हणशील, विचारायचं होतंस. विचारलं. घरी आल्यावर मी वहिनींना फोन केला. तो सासूबाईंनी उचलला आणि मग त्यांच्याकडे दिला. मी हळूच विचारलं, तो झारा होता ना? त्या शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘अगं नाही, कोळीच होता. तुझ्या आईच्या हाताला गुण आहे, सांग त्यांना.’ मग मी हर्षललाही विचारलं, कारण त्याला न विचारता ठरवणं मला अन्यायाचं वाटत होतं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. भाऊ तापट आहे, वहिनी उलट बोलते, म्हणाला. मी म्हणाले, पण वाटी तू धरलीस, तुला माहीत होतं. तो म्हणाला, ‘मजा आली ना पण. मावशी काय मन लावून रगडत होत्या.’

मी नकार दिला. अण्णा अजून माझ्याशी फक्त जेवायला वाढ एवढंच बोलतात. पोरीला शिकवलं त्याचं फळ, असं काकांनी सगळ्या भावकीत सांगितलं. तिकडे इतवाऱ्यात मुलगी कोळी पाळते, डोकं फिरलेली आहे, असं पसरलं आणि ते तुझ्यापर्यंतही आलंच. मला ते चाललं. आईला मात्र मी सगळं सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं की काय, हे मला अजून कळत नाही. आई म्हणाली, ‘ती तर थंड वाटतं म्हणाली होती.’ आता आमच्या वरणात आमचूर पडत नाही. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबते आणि आपल्या अंगठ्याकडे बघते.

तुझं त्या घरात ठरलं, तेव्हाही मी गप्पच राहायचं ठरवलं होतं. तुझी पारख तुला, माझं एकदाचं बघणं म्हणजे काही पुरावा नव्हे, असं मी घोकत होते. पण काल शनवाऱ्याच्या बाजारात तुझी आई भेटली. साड्यांच्या पिशव्या सांभाळत, खूप आनंदात होती. म्हणाली, हे स्थळ कोकिळानंच आणलं, स्वतः घरी येऊन, आमच्या मुलीचं इतकं कौतुक करत होती की सख्खी बहीण करणार नाही. मृणाल, त्या दिवशी निघताना वहिनी मला हळदीकुंकू लावायला आत घेऊन गेल्या होत्या. माझ्या फोनवर आपला दोघींचा फोटो आहे, केळीच्या बागेतला. तो बघून त्यांनी विचारलं, ही कोण, हिचं ठरलंय का? मी तुझं नाव सांगितलं, घर सांगितलं, लालबागेतली गल्लीसुद्धा सांगितली. मग त्यांनी लेपानं माखलेल्या त्याच हातानं मला कुंकू लावलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, ‘लवकर ये गं. कोळी नव्या सुनेकडेच जातो.’ मला तेव्हा ती चेष्टा वाटली. काल कळलं की मी गेले नाही, म्हणून त्या तुझ्याकडे आल्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला माहीत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिथे जा. त्यांचा उजवा हात धर आणि आतल्या बाजूनं बघ. जुना लाल पट्टा आता फिका पडला असेल, पण ठिपक्यांच्या ओळी राहिल्या असतील. ओळी नसल्या तर हे पत्र फाडून टाक आणि मला जन्मभर जळकी म्हण. एखाद्या ओळीभोवतीची कातडी ताजी लाल असेल तर काय करायचं ते तुझं तू ठरव. फक्त तुझी आई सोबत असली, तर तिला आमचूर लावू देऊ नकोस.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
ज्योत्स्ना