नागपूरची कॅसेट

शिवाजीनगर, बंगळूर
११ मार्च १९९८

प्रिय निहार,

दचकू नकोस. मी तीच, गेल्या रविवारी तुझ्या खोलीवर कॅमेरा घेऊन आलेली. अहो-जाहो नको असं तूच म्हणालास, म्हणून बेधडक लिहितेय. हात नुसता धावतोय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, व्हिडिओच्या दुकानात मी तीन वर्षं स्थळांसाठी मुलींच्या कॅसेटी काढतेय. चाल, वळ, मान वर कर, चहाचा ट्रे आण. मुलाकडचे त्या मागेपुढे करून चारचौघांत बघतात. नागपूरच्या नयनाने तुझ्या घरी तशी कॅसेट पाठवली खरी, पण मुलाचीही हवी म्हणून हटून बसली. मला तर तिचा मुकाच घ्यावासा वाटला. तुझ्या आईचा पुण्याहून फोन आला तेव्हा अप्पा निघाले होते, मी म्हटलं, स्वल्प थांबा, इथे मीच जाणार.

काय मजा आली म्हणून सांगू. तुला चालवलं, वळवलं, पोहे करायला लावले. कॉम्प्युटरवर बोटं नाचवणारा माणूस कांदा चिरताना घामाघूम. आणि सात वेळा दारातून आत यायला लावलं ना, त्याची काही गरज नव्हती. मला तू आवडत होतास, म्हणून.

काल एडिटिंगला बसले. दोन व्हीसीआर आणि एक बटण, तेवढ्यात माणसाचं काहीही करता येतं. खरं सांगते, तुझं हसणं सगळं काढून टाकलं, नुसता घाम आणि अडखळणं ठेवलं. तिने नाही म्हणावं म्हणून. मग माझी मलाच लाज वाटली. पुसून पहिल्यापासून बसले.

तेव्हा दिसलं. शंभरदा सांगूनही तू भिंगाकडे बघतच नाहीस. तुझी नजर सारखी वीतभर वर, स्टँडमागे मी उभी होते तिथे. नयनाला हे मिनिटभरात कळेल. तेवढंच कापायचं म्हटलं, तर कॅसेटीत काही उरत नाही.

म्हणून ती नागपूरला न धाडता तुला पाठवतेय. एकदा बघ. मला उगाच भास झाला असेल, तर सोबत नयनाच्या पत्त्याचं पाकीट आहे, तिकिटंही लावलीत, आहे तशी पोस्टात टाक. नाहीतर रविवारी दुकानात ये. या वेळी दारातून एकदाच आत यावं लागेल.

तुझीच (किंवा नुसती कॅमेरावाली),
कस्तुरी