बिनवासाचा बाटला

बंगळूर,
दि. १२ फेब्रुवारी

करिश्मा ताय हिला मारुतीचा नमस्कार.

मी बरा हाय. तुझी नि ऋतुजाची खुशाली कळव. रोह्याला कंपनीत झाडूच्या कामाला जातेस ना अजून? तू सातवी शिकलीस, मी चौथी, तर अक्षर लावून वाच. एकटीच वाच, ऋतुजाला वाचायला देऊ नको. फोनवर तू रडायला लागलीस की मी कट करतो, म्हणून लिहितो.

भावजी गेले त्या साहेबाचा बंगला सोडला. नंतर अजून दोन जागा सोडल्या. मन टिकत नाय. काम तेच, श्रीमंतांच्या घरी बिअरचे नळ बसवायचं. स्टीलच्या पिंपाला गॅसचा बाटला जोडायचा, गॅसच्या जोराने बिअर नळाला येते. भावजी पहिल्यांदा बघून म्हणाले, "मारुत्या, हितं दारूला नळ हाय, आपल्या वाडीत पाण्याला नाय!" दोन दिवस हसत होते.

शेजारची रोहिणी फोनवर सांगत होती, तू भावजींचा फोटो भिंतीवरून काढलास. ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली दारू परमुलखात जाऊन प्यायले नि मेले, असं आख्ख्या कासू गावात बोलतात. तूपण तेच धरून बसलीस.

ताय, भावजी प्यायले नव्हते. एक थेंब नाय.

त्या दिवशी सकाळी त्यांनी बिअरच्या नळ्या धुतल्या, म्हणून शर्टाला वास होता. बंगल्याखाली बिनखिडकीची खोली. मी नवीन बाटला जोडत होतो. रेग्युलेटरच्या पाकिटात एक पांढरा वायसर होता, जोडात बसवायची चपटी चकती. भावजींनी विचारलं, "हा उरला रे, कुठं बसवायचा?" मी म्हटलं, "टाका तो, जादा असेल. तुमाला काय कळतं?" आपल्या घरच्या बाटल्याला रबर तोंडातच असतं, मला वाटलं ह्यालापण असेल. आट्यांवर नळाची टेप गुंडाळली नि पान्याने आवळलं.

भावजी म्हणाले, "गळतो का बघ." दोघांनी नाक लावलं. घरचा गॅस जरा गळला तरी घाण वास सुटतो. ह्याला वास नव्हता. मी म्हटलं, झालं.

हा सोड्याच्या बाटलीतला गॅस, ह्याला वासच नसतो गो. तो जड, जमिनीलगत साचत जातो, श्वासाला हवा ठेवत नाय. मी सामान आणायला बाजारात गेलो. भावजी जेवून दार ओढून तिथंच थंड फरशीवर आडवे झाले. मी चार वाजता आलो, त्यांना ओढून बाहेर काढलं, हाका मारल्या. उठले नाय.

साहेब म्हणाला, पिऊन पडला असेल. पोलिसांनी मला विचारलं, "पीत होता का?"

मी म्हटलं, "व्हय साहेब."

एवढंच बोललो. मला अटक होईल ह्या भीतीने बोललो. तेव्हापासून तुला खरं सांगू शकलो नाय.

आता वायसर बसवल्याशिवाय मी पाना हातात घेत नाय. बाटला उघडायच्या आधी रेग्युलेटरची चावी सैल करतो, मग जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघत बसतो. खिडकी नसलेल्या खोलीत बाटला ठेवायला नाय म्हणतो. मालक हसतात, "अरे, किती वेळ लावतोस?" मला हे तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं, पण भावजींनी विचारलं तर होतं.

शिमग्याच्या आधी येतो. वाडीत सगळे बसतील तिथं उभा राहून सांगणार, जे तुला लिहिलं तेच. कोणी मारलं तर मारू दे. मग पोलिसात काय ते लिहून देईन. तू दार लावून घेतलंस तरी मी बाहेरून मोठ्याने सांगेन, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. ऋतुजाला मात्र तू सांग, बापाने तिची शपथ मोडली नाय म्हणून. माझ्या तोंडून तिने ते ऐकावं, एवढा माझा हक्क उरला नाय.

खाली 'तुझा भाऊ' लिहायचं होतं. तुला विचारल्याशिवाय लिहीत नाय.

मारुती