एकसष्टावी फेरी

ॲक्रन, ओहायो
१९ ऑगस्ट १९५७

चि. सौ. झेल्मा हिस व्हेस्टाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. अर्लला टायरच्या कारखान्यात पुन्हा रात्रपाळी लागलीय, त्यामुळे नवरा झोपलेला असताना दिवसभर मला माझ्याच घरात चोरासारखं वावरावं लागतं.

गार्लंडने फेऱ्या मांडायचं काम अखेर तुझ्या गळ्यात मारलं म्हणायचं. सहा वर्षं मी ते केलंय, म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीच्या अधिकाराने चार शब्द सांगते. शर्यत बघायला ज्यांनी तिकिटं काढलीत त्यांना बघू दे. आपली अडतीस नंबरची गाडी रेषेवरून गेली की तू मोठ्या घड्याळाकडे बघायचं आणि तक्त्यात त्या फेरीपुढे वेळ लिहायची. बाकी गाडी उलटो की पेटो, मान वळवायची नाही, कारण अठ्ठावीस सेकंदांत गार्लंड पुन्हा तुझ्यासमोर असतो. लाल धुळीत त्याला स्वतःला काही उमगत नसतं. तो पहिला आहे की दुसरा, तू स्टँडमधून पाटीवर जो क्रमांक दाखवशील, तो बाबा मधल्या मैदानातून वाचणार आणि आपल्या फळ्यावर लिहून त्याला दाखवणार. त्यावरच तो चालवतो.

दुसरं म्हणजे, जुलैतल्या शर्यतीत क्लेल हॉर्टनने याची गाडी कुंपणावर घातली, तेव्हापासून हा न्हाव्याच्या दुकानात बसून क्लेलला बघून घेईन म्हणतो असं कानावर आलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला. बापाचा एवढा शांतपणा घरात असून याने काय घेतला कोण जाणे. त्याला माझ्या नावाने दोन शब्द सुनाव.

सातवा महिना आहे, जड उचलू नकोस. बाबांच्या खोकल्याचं कळव. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
व्हेस्टा


बेथनी फोर्क, नॉर्थ कॅरोलिना
२७ ऑगस्ट १९५७

ती. व्हेस्टाताईंस झेल्माचा सा. न. वि. वि.

तुमच्या चार शब्दांची चार पानं झाली होती. मामंजींना वाचून दाखवली तेव्हा ते हसता हसता खोकले. सूतगिरणीने दिलेला खोकला, तो काय जातोय. पण स्वभाव तोच आहे. शनिवारी मी पाटी उलटी धरली होती, तर त्यांनी तिकडूनच टोपी उलटी घालून मला दाखवली.

गार्लंडला तुमचे शब्द सुनावले. म्हणाला, ताईला सांग, तिकडे टायर नीट बनवा म्हणजे इकडे आम्ही फुटणार नाही.

आम्हा बायकांना मधल्या मैदानात अजूनही पाऊल टाकू देत नाहीत. आम्ही गेलो की म्हणे गाड्यांना अपशकुन होतो. टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा आणि हिरवा रंग यांनाही तिथे बंदी आहे, तेव्हा आमची गणना शेंगांत झाली. फेऱ्या मात्र आम्हीच मांडायच्या. माझ्या शेजारी क्लेलची बायको आयव्ही बसते. नवरे एकमेकांकडे डोळे वटारून बघतात आणि आम्ही एकाच डब्यातली तळलेली कोंबडी खातो. ओढ्यापलीकडेच तर तिचं घर. बाळासाठी तिने लोकरीचे मोजे विणलेत.

दोन सप्टेंबरला, सुट्टीच्या दुपारी, शंभर फेऱ्यांची मोठी शर्यत आहे. आशीर्वाद असू द्या.

तुमची,
झेल्मा


बेथनी फोर्क
२२ सप्टेंबर १९५७

ती. व्हेस्टाताईंस सा. न. वि. वि.

तारेत एवढंच कळवलं होतं की क्लेल गेला आणि गार्लंड सुखरूप आहे. बाकीचं लिहायला आज हात धजतोय.

शेवटच्या सहा फेऱ्या राहिल्या होत्या. क्लेल पुढे, गार्लंड त्याच्या मागे. तिसऱ्या वळणावर गार्लंड आतून घुसला, त्याची धडक क्लेलच्या मागच्या चाकाला बसली आणि क्लेलची गाडी बांधावरून पलीकडच्या झाडांत गेली. दवाखान्यापर्यंतही तो पोचला नाही.

आता सगळ्या गावाचं बोलणं एकच आहे. क्लेल मध्ये टायर बदलायला थांबला होता, त्यामुळे गार्लंड त्याच्या अख्खी एक फेरी पुढे होता. त्याला क्लेलला ओलांडायची गरजच नव्हती. नुसता त्याच्या मागून फिरत राहिला असता तरी जिंकला होता. मग धडक दिली ती जुलैचा सूड घ्यायलाच, असं लोक म्हणतात. न्हाव्याच्या दुकानातले शब्द साक्षीला आहेतच. त्याला बाद केलं आणि ट्रॅकवर कायमची बंदी घातली. देवळात आमच्या बाकावर कुणी बसत नाही.

गार्लंड म्हणतो की बाबांच्या फळ्यावर दोन लिहिलं होतं. तो दुसरा आहे, पहिला क्लेल, असं समजूनच तो घुसला. शेरीफचा माणूस माझ्याकडे आला तेव्हा माझ्या मांडीवरच्या पाटीवर एक होता. ते बघून तिथे येऊन पोचलेले मामंजी सगळ्यांदेखत म्हणाले की चूक त्यांच्याच डोळ्यांची, धुळीत एकाचे दोन दिसले.

त्या दिवसापासून गार्लंड त्यांच्याशी बोलत नाही. एका घरात, एका टेबलावर, तो मीठसुद्धा माझ्याकडून मागतो. एकदाच बोलला, तेही त्यांना ऐकू जाईल असं मला उद्देशून, की आंधळ्या माणसाने घरी बसावं, दुसऱ्याचे जीव घेऊ नयेत. मामंजी ताटावरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत.

तुम्ही त्यांना तिकडे पाठवा म्हणालात ते बरं झालं. आज सकाळी गार्लंड त्यांना बसवर सोडून आला. त्यांच्या पिशवीत औषध आणि मक्याची भाकरी आहे.

तुमची,
झेल्मा


ॲक्रन
२० ऑक्टोबर १९५७

चि. सौ. झेल्मा हिस आशीर्वाद, वि. वि.

बाबा इथे आले ते नुसती हाडं घेऊन. छातीच्या डॉक्टरांनी मान हलवली. गिरणीचं सूत फुप्फुसात पार बसलंय, थंडी काढतील असं त्यांना वाटत नाही. हे गार्लंडला सांग. दोन पत्रं त्याला लिहिली, उत्तर नाही.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. बाबांना चष्मा तरी करून द्यावा म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते यायलाच तयार नव्हते. खोलीच्या टोकाला अक्षरांचा तक्ता होता, त्यातली शेवटून दुसरी ओळ वाचायला सांगितली तर म्हणाले दिसत नाही. डॉक्टर हुशार निघाला. त्याने सहज गप्पा मारत खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात अंड्यांचा भाव काय लावलाय विचारलं. बाबांनी भाव सांगून टाकला, आणि खाली बारीक लिहिलेला लोण्याचाही सांगितला. जवळचं अंधूक आहे, पण लांबचं तरुण माणसासारखं दिसतं, असं डॉक्टर म्हणाला. बाबा म्हणाले की शहरातल्या डॉक्टरांना काय कळतं.

झेल्मा, त्या ट्रॅकची रुंदी मला माहीत आहे. सहा वर्षं मी पाटी धरली आणि बाबांनी एकदाही चुकीची वाचली नाही. तू काय दाखवलं होतंस? गार्लंड बाद झाला, तेव्हा त्याचा तक्ता कुणी मागितला नसणार. तो तुझ्याकडेच असेल. मला पाठव.

व्हेस्टा


बेथनी फोर्क
२७ ऑक्टोबर १९५७

ती. व्हेस्टाताईंस सा. न. वि. वि.

तक्ता सोबत आहे. तुम्हाला शोधावं लागू नये म्हणून सांगते, साठाव्या आणि एकसष्टाव्या फेरीतलं अंतर बघा. छप्पन्न सेकंद आहेत. खरी एकसष्टावी फेरी मी मांडलीच नाही.

क्लेल तेव्हा टायर बदलायला थांबला होता, म्हणून आयव्हीचे हात मोकळे होते. बाळाने लाथ मारली, मी कळवळले, आणि तिने हसून माझ्या पोटावर हात ठेवला. पुन्हा मारतं का ते बघत आम्ही दोघी थांबलो. मारली. तेवढ्यात अडतीस नंबर समोरून गेला.

माझ्या तक्त्याप्रमाणे गार्लंड आणि क्लेल एकाच फेरीवर होते आणि क्लेल पुढे दिसत होता. म्हणून मी पाटीवर दोन लिहिला. मामंजींनी बरोबर तोच वाचला. शेवटच्या फेऱ्यांत मला छप्पन्न सेकंदांचं ते अंतर दिसलं. पाटी पुसून मी एक लिहिला, उभी राहून हलवली, पण मामंजींचं तोंड तिसऱ्या वळणाकडे होतं. धावत जाऊन सांगावं तर मधल्या मैदानाच्या फाटकावर आम्हाला अडवतात. खरं तर मी फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही, तेवढा वेळच मिळाला नाही.

शेरीफच्या माणसाने पाटी बघितली तेव्हा मी खोटं बोलले नाही. बोललेच नाही. मामंजींनी डोळ्यांचं नाव घेतलं आणि मी मान खाली घातली. आयव्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. तेव्हा नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी अवघड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून अवघड. मी नवऱ्याला खुनी ठरू दिलं, सासऱ्यांना आंधळं ठरू दिलं आणि दोघांना जेवायला वाढत राहिले. मला माझीच किळस येते, ताई. पण गार्लंडला सांगायला तोंड उघडलं की भीतीने जीभ आत जाते.

झेल्मा


ॲक्रन
४ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. झेल्मा हिस,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन थांबलं, तेव्हा तसंच राहू दे. तू बाळंतपणाला टेकलीस म्हणून काही शब्द गिळतेय, सगळे नाही. माझ्या बापाला गावाने आंधळा ठरवला, मुलाने टाकला, आणि तू बघत राहिलीस.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी त्या दुपारी आधी दोन वाचला होता आणि अपघातानंतर स्टँडकडे पाहिलं तर पाटीवर एक होता. तिथल्या तिथे त्यांना सगळं कळलं. म्हणाले, पोर सात महिन्यांची गरोदर, शेजारी क्लेलची बायको, समोर शेरीफचा माणूस. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर कुणी फार दिवस राग धरत नाही, पण तिला त्या ओढ्याकाठी जन्म काढायचाय. एवढं बोलायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. वर मला बजावलं की तक्ता चुलीत घाल आणि गार्लंडला काही कळू देऊ नकोस.

बाबांएवढं मोठं मन माझ्याजवळ नाही. तक्ता मी जाळलेला नाही. गार्लंडला मी लिहिणार नाही, कारण ते तू सांगायचं आहेस, आणि लवकर. डॉक्टर दहा-पंधरा दिवसांचं बोलतात. पोस्टमन येऊन गेला की बाबा माझ्या हाताकडे बघतात. गार्लंडचं नाव घेत नाहीत.

व्हेस्टा


बेथनी फोर्क
१५ नोव्हेंबर १९५७

ती. व्हेस्टाताईंस झेल्माचा नमस्कार.

हे पत्र गार्लंडच्याच हाती देतेय. त्याने ते वाचलं तरी चालेल, त्यात त्याला माहीत नाही असं आता काही नाही.

आठ तारखेला मुलगी झाली. तुमचं पत्र उशीखाली ठेवून मी रोज ठरवत होते की आज सांगेन. पण सप्टेंबरपासून पहिल्यांदाच तो हसत होता. तिला घेऊन खिडकीशी उभा राहायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची नावं सांगायचा. मी म्हणायची, एक दिवस आणखी. असे सहा दिवस घालवले, आणि काल दुपारी मामंजी गेल्याची तुमची तार आली. ते सहा दिवस माझ्या माथी आहेत, ते तुम्ही मला विसरू देऊ नका.

गार्लंड तिकडे यायला निघाला की मी आयव्हीकडे जाऊन सगळं सांगणार आहे. तक्ता त्याच्याबरोबर परत पाठवा, तिला दाखवायचाय.

तार वाचल्यावर मी त्याच दमात त्याला सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुढचं बाहेर आलं नसतं. तो हात उगारेल असं वाटलं होतं. त्याने मुलीला पाळण्यात ठेवलं आणि विचारलं की बाबांना हे माहीत होतं का. मी हो म्हटलं. कधीपासून, म्हणाला. त्याच दुपारपासून, म्हटलं.

त्याने पाळण्याची कड धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला की त्या दिवशी बस निघताना बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता आणि हा स्वतःचे हात खिशात घालून उभा राहिला. बस वळेपर्यंत बाबांचा हात बाहेर होता.

त्याला पोचायला उद्या संध्याकाळ होईल. तोवर शवपेटी बंद करू नये अशी तार मी सकाळीच केली आहे. माझ्यावर लोभ ठेवा असं म्हणत नाही, त्याच्यावर ठेवा.

झेल्मा