पश्चिमेची खिडकी

पेडणे, गुरुवार, १२ फेब्रुवारी

आजही भर दुपारी पश्चिमेची खिडकी लावून घ्यावी लागली. शेजारच्या शाणूने काजूखालचा पातेरा पेटवला आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने सगळा धूर माझ्या घरात आणला. सून म्हणते, एसी बसवू. दाराशी फुकटचा वारा असताना? तडक कुंपणाशी गेले.

"बाय, वारो काय म्हज्या हातांत आसा?"

"वारा नसेल, काडेपेटी तर आहे."

मग शाळेत सिस्टरने शिकवलेलं त्याला ऐकवलं. दुपारी वारा समुद्राकडून येतो, पहाटे डोंगराकडून समुद्राकडे जातो.

शाणू हसला. "बरां, उद्या पहाटे पेटयतां."

पेटवेल का? पेटवेल. हट्टी आहे, खोटारडा नाही.

खिडकीची कडी मी आजच काढून ठेवली आहे.