गढूळ पाण्याचा निरोप

बाबा, यंदा पावसानं ओढ दिलीय. पंधरा दिवस झाले, आभाळ सकाळी भरून येतं आणि दुपारपर्यंत उघडं पडतं. काल पाय मोकळे करायला नदीवर गेले तर बांधावर चार-पाचजण गरी टाकून बसले होते. त्यांच्या काठ्यांना आता दोरा गुंडाळायचं चाक असतं, पण माना तशाच, घटकाघटकेला पालीच्या डोंगरांकडे वळणाऱ्या. मी विचारलं, "लागतंय का काही?" एकजण म्हणाला, "आजी, वर डोंगरात पडल्याशिवाय कुठलं लागतंय!" मला तिथं टेकावंसं वाटलं, पण बसवलं नाही. घरी येऊन ही वही उघडली. तुला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. कशाला लिहिणार? तू आणि मी एकाच घरात होतो.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीचा भाद्रपद तुला आठवत असेल. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. धाकटीचं लग्न आदल्या वैशाखात झालं होतं, आणि घरात आपण दोघंच उरलो होतो. मी सत्तावीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण. माझं लग्न राहून गेलं असं लोक म्हणायचे. मला तसं काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं, कारण शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर नदीवर यायचे. आई गेल्यावर पहिल्या वर्षी तू मला हाताला धरून बांधावर नेलंस, गरीला जिवंत कोळंबी कशी टोचायची ते दाखवलंस, आणि म्हणालास, "हिला पाठीत टोचायची. मान मोडली तर मेली, आनी मेलेलीला कोन ईचारतो?" दोरा ऐनाच्या सालीत उकळून लाल करायचा, काठी सावलीत वाळवायची, बांधावर मोठ्यानं बोलायचं नाही, हे सगळं तू मला दिलंस. गावात बायका चिंबोऱ्या धरायच्या, चिखलात कालवं काढायच्या, पण काठी घेऊन बसणारी बाई मी एकटीच. लोक हसले तर तू म्हणायचास, "माझा पोरगा हाय ता." मला ते वाक्य दागिन्यासारखं वाटायचं.

आणि मग धाकटीचा नवरा आला. गणपतीला दोघं आली, आणि तो आठ दिवसांची रजा काढून आला होता. मुंबईच्या गोदीत क्रेनवर कामाला, अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. त्यानं तुझ्यासाठी नायलॉनच्या दोऱ्याची गुंडी आणली होती. तेव्हा आपल्या गावात असला दोरा कुणी पाहिला नव्हता. तू तो बोटांवर गुंडाळलास, दातांनी ओढून बघितलास, उजेडात धरलास. "दिसतच न्हाय की हो, पाव्हनं!" म्हणालास, आणि तुझा चेहरा असा फुलला की मी उठून चुलीकडे गेले. माझ्या पहिल्या पगारातून मी तुला कोट शिवला होता. तो तू अजून घडी मोडून घातला नव्हतास.

त्याला गरवायचा नाद लागला, किंवा तुझ्यासाठी त्यानं तो लावून घेतला. दुसऱ्या दिवशी मी काठी काढली तर तू उंबऱ्यात थांबलास. आवाज खाली आणून म्हणालास, "पाव्हनं हायत बरोबर. तू र्‍हा घरी."

"का?"

"बरं दिसत न्हाय. बाईमानसानं पाव्हन्याम्होरं काठी घेऊन बसायचं."

एवढंच. ओरडला नाहीस. मी काठी गोठ्यामागं उभी केली आणि भाकऱ्या थापायला बसले. धाकटी म्हणाली, "बरं झालं ताई, तुला तेवढाच आराम." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला तिचा राग नव्हता. मला तिच्या नवऱ्याचा हेवा वाटत होता. तुम्ही दोघं पायवाटेनं उतरताना मी दाराआडून बघायचे. तो तुझी गऱ्यांची डबी घेऊन चालायचा. ती डबी दहा वर्षं मी घेऊन चालले होते.

पण मासा काही लागत नव्हता. पाऊस थांबला होता. भात पोटरीला आलेलं, शेतांना भेगा पडायला लागलेल्या. नदीला वरून पाणीच नाही, म्हणून भरतीचं खारं पाणी पार बांधापर्यंत चढायचं, आणि इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. तसल्या पाण्यात जिताडा मासा तोंड उघडत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. वर डोंगरात पडायला हवं, पाणी गढूळ व्हायला हवं, त्याच्याबरोबर कोळंबी वाहत यायला हवी, मग तो आडोशातून बाहेर निघतो. शेतावरची माणसं भातासाठी पाऊस मागत होती. तुम्ही गरीवाले माशासाठी मागायचात आणि लाजेकाजेस्तव नाव भाताचं सांगायचात. छत्री नेली की पाऊस हटतो म्हणून तू ती घरी ठेवायचास. बाजारातले दर्जीचाचा तुमच्यात बसायचे. ते म्हणायचे, "अल्लाकडे अर्ज केलाय. हुकूम यायचा बाकी हाय." गणपती गेले, गौरी गेल्या, मासळी पुन्हा खायला मोकळीक झाली, आणि तुझा जीव वरखाली व्हायला लागला. जावई पहिल्यांदा सणाला आलेला आणि त्याच्या पानात जिताडा नाही, ही गोष्ट तुला सहन होत नव्हती. पालीच्या एसटीच्या ड्रायव्हरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तू सांगून ठेवलं होतंस, "वर पडला की मना निरोप द्या."

निरोप आला तो माझ्याकडे. शनिवार होता, सकाळची शाळा. पालीची गाडी शाळेपाशी थांबली, आणि ड्रायव्हर विहिरीवर पाणी प्यायला उतरला. ओंजळीनं तोंड धुताधुता म्हणाला, "बाई, वर पहाटेपासनं झोडपतंय. पालीचा पूल बुडायला आलाय. बाबांना सांगा, दुपारपर्यंत पानी येतंय खाली."

"सांगते," मी म्हणाले. आणि खरंच सांगणार होते. शाळा सोडून मी जवळजवळ पळतच आले. वाटेत मी ठरवलंसुद्धा की हा निरोप मी आणला म्हणून तरी तू मला आज बरोबर नेशील.

मी मागच्या अंगणात शिरले. पुढच्या ओटीवर तुमचं बोलणं चाललेलं. तू त्याला गरी बांधायची गाठ दाखवत होतास. दोऱ्याला दोन फेरे, एक उलटा, आणि शेपूट आतून ओढून घ्यायचं. ओली झाली की आवळत जाणारी, कधी न सुटणारी. त्याला जमेना. तू हसलास, त्याचा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "ही गाठ मी आजपातूर कुनाला दाखवली न्हाय, पाव्हनं. तुमाला म्हनून दाखवतो."

बाबा, ती गाठ मी सतरा वर्षांची असल्यापासून बांधत होते. तुझ्या डोळ्यांवर सारा येऊन कमी दिसायला लागल्यापासून तर तुझ्या गऱ्याही मीच बांधून द्यायचे. तू खोटं बोललास असंही नाही. पाहुण्याचा मान ठेवायला माणूस बोलतो तसं बोललास. पण मी तिथं, भिंतीच्या अलीकडे, हातात चपला घेऊन उभी होते, आणि माझी दहा वर्षं तू एका वाक्यात पुसलीस. मी आत आलेच नाही. गोठ्यामागची काठी घेतली, ओढ्यात बुडवून ठेवलेल्या मडक्यातून चार जिवंत कोळंब्या काढल्या, आणि बांबूच्या बेटामागून नदीवर गेले.

बांधावर कुणी नव्हतं. ऊन कडक. ओहोटी लागलेली. पाणी इतकं निवळ की मला वाटलं, ड्रायव्हरनं थट्टा केली असेल. मी शाळेतलं पातळ खोचून बसले. बऱ्याच वेळानं आधी वास आला, भिजल्या मातीचा, आपल्याकडे एक थेंब नसताना. मग फेस, वाळका पाला, काटक्या. मग वरच्या वळणावरून लाल रेघ सरकत खाली आली, आणि बघताबघता निळं पाणी तिच्याखाली गेलं. मी त्या रेघेच्या काठाला गरी टाकली. दुसरी कोळंबी लावली तेव्हा जिताडा आला. काठी वाकून पाण्याला लागली. दोरा सोडला, ओढला, सोडला. माझे तळवे चिरले. तो एकदा पूर्ण हवेत आला, चांदीचा, आणि मी ओरडले, "बाबा!" सवयीनं ओरडले. बांध रिकामा होता. तो मासा दगडांवर ओढून घेतला तेव्हा माझ्या आनंदाला बघायला कुणी नव्हतं, आणि तेव्हाच मला कळलं की मी काय केलंय. कारण पाणी फुगत चाललं होतं. घटकाभरात ते बांधावरून वाहू लागलं. गरी टाकायची तेवढीच वेळ होती. ती मी एकटीनं वापरली होती.

मी अंगणात आले तेव्हा तू ओटीवरून उठलास. मासा बघून तुझे डोळे चमकले, ते मी पाहिलं. मग तुझी नजर खाली गेली, माझ्या लाल चिखलानं भरलेल्या पायांवर.

"पानी कवा आलं?"

"आत्ताच."

"वर पडलाय ता तुना कोन बोलला?"

धाकटीचा नवरा माझ्या हातातला मासा घ्यायला धावला. "ताई, कमाल केलीत! मामा, बघा तरी, केवढा!" त्याच्या मनात काही नव्हतं. मी मासा धुवायला मागं नेला तेव्हा मागोमाग आलास आणि म्हणालास, "मास्तरीन झालीस, पन निरोप सांगायला न्हाय शिकलीस."

संध्याकाळी मीच कालवण केलं, मीच वाढलं. जिताड्याचं डोकं तू दर वेळी माझ्या ताटात टाकायचास. त्या दिवशी म्हणालास, "डोकं पाव्हन्यांना." तो म्हणाला, "मामा, मासा ताईंनी काढला. डोकं त्यांचं." तू हसून म्हणालास, "घ्या हो." मी ते त्याच्या पानात वाढलं. तो वाईट माणूस असता तर मला किती सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली. तुझी आणि माझी बोलचाल पुन्हा सुरू झाली, मीठ-मिरचीची, शाळेची. पुढच्या पावसात बरोबर न्यावंस असं मी मनात धरून होते. पण माघात तुझ्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, आणि नदी तुझ्यासाठी पडवीतून ऐकायची गोष्ट झाली. दोन वर्षं मी तुला उठवलं, बसवलं, भरवलं. त्याची तक्रार नाही. उलट सांगायची लाज वाटते, मला ते दिवस आवडायचे. तू फक्त माझा होतास. एकदा श्रावणात धो धो पडत होतं. तू जड जिभेनं विचारलंस, "पानी गढूल हाय का?" मी म्हणाले, "हाय, बाबा. लाल झालंय." तू बराच वेळ ऐकत राहिलास. मग म्हणालास, "पाव्हनं आलं अस्तं तर नदीवर गेलं अस्तं."

मी तुझं तोंड पुसलं आणि पेजेचं भांडं आत नेलं. आत जाऊन रडले नाही. भांडं घासलं, खूप वेळ घासलं.

धाकटीचा नवरा आता म्हातारा झालाय. धाकटी गेली, पण गणपतीला तो मुलानातवंडांना घेऊन येतोच. ओटीवर बसून तुझ्या गोष्टी सांगतो. मामा असं म्हणायचे, मामा तसं म्हणायचे. त्या आठ दिवसांत तू त्याच्याशी काय काय बोललास! तुझा बाप मचव्यावर तांडेल होता, अख्खी होडी त्याच्या हाती, आणि त्याला पोहता येत नव्हतं, हे मला त्याच्याकडून कळलं. मी अजून अधाशासारखी विचारते, "आणखी काय म्हणाला?" तो आठवून आठवून म्हणतो, "आणखी काही नाही, ताई. गप्पच बसायचे." आणि मला वाटतं, हा काहीतरी राखून ठेवतोय.

पोरं मात्र मलाच त्या जिताड्याची गोष्ट सांगायला लावतात. हे पत्र कुठं धाडायचं नाही म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी ती गोष्ट चुकीची सांगत आलेय. मी सांगते, निरोप आला तशी मी घरी पळाले, बाबाला उठवलं, आणि आम्ही दोघं नदीवर गेलो. काठी माझ्या हातात होती आणि मागून दोरा बाबानं धरला होता. तुझा जावई शेजारीच बसलेला असतो. त्या दिवशी तू कुठं होतास हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक नाही. तो ऐकतो, पोरांकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, "व्हय, असंच झालं."