पॉलिस्टरचा काही दोष नाही

१ ऑक्टोबर, बुधवार
लखनच्या घामाला वास यायला लागला. सहावीतच! योगिता म्हणते, शाळेच्या रिक्षात पोरं त्याला कडेला बसवतात. ११ तारखेला बारडोलीची ट्रिप आहे. बसमध्ये शेजारी बसायला कोणी तयार नाही, म्हणून तो जात नाही म्हणतो. पोऱ्याले ट्रिपले जायचं आता तुम्हीच सांगा, म्हणाली. बरोबर आहे. असल्या नाजूक विषयाला बापच लागतो. मिलमध्ये फोल्डिंग खात्याची चाळीस माणसं सांभाळतो, एक पोरगा काय चीज आहे! ट्रिपला तो जाणार म्हणजे जाणार.

योगिता जाता जाता शर्टाबद्दलही काही बोलली. दुर्लक्ष केलं. त्याच्या युनिफॉर्मचे शर्ट आमच्याच मिलच्या कटपीसचे, प्युअर पॉलिस्टर. इस्त्री नको, चुरगळत नाही, पंख्याखाली वाळतो. पॉलिस्टरला स्वतःचा वासच नसतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पहिली मीटिंग, गच्चीवर. सुरुवात उत्तम. तू मोठा होतोयस, शरीरात बदल होतात वगैरे. मग 'काख' म्हणायची वेळ आली आणि बाजूला शोभाबाई वाळलेले पापड गोळा करत होत्या. शेजारच्या बाईमाणसासमोर कसं बोलणार? विषय मिलच्या बॉयलरकडे वळवला. लखनने शांतपणे सगळं ऐकलं, शेवटी विचारलं, आता जाऊ का. पाया भक्कम झाला.

५ ऑक्टोबर, रविवार
दुसरी मीटिंग. शोभाबाई नव्हत्या. तरी तो शब्द तोंडातून निघेना. हाताच्या वर पण खालच्या बाजूला, असं सांगितलं. लखन बराच वेळ स्वतःच्या कोपराकडे बघत होता.

नंतर डिओ आणायला गेलो. काउंटरवर आमच्या गल्लीतली पल्लवी. कोणासाठी, म्हणून विचारलं तिनं. साहेबांसाठी, म्हणालो. तिनं सगळ्यात उग्र वासाचा दिला. साहेबांना ओळखत असावी.

८ ऑक्टोबर, बुधवार
डिओ जोरात चालू आहे. सध्या मीच वापरतो. बापानं करून दाखवल्याशिवाय पोराला कळणार कसं? शर्टावर पुढून तीन फवारे, मागून दोन.

तिसरी मीटिंग जेवताना उरकली. लखन मान डोलावत होता. ट्रिपला जातो म्हणाला! माझा प्रभाव. योगिता पुन्हा शर्टावर घसरली, सुती शिवू या म्हणे. सुरतेत राहून सुती? मिलचं मीठ खातो मी. चारचौघांत काय तोंड दाखवू?

१० ऑक्टोबर, शुक्रवार
शर्टाचा विषय कायमचा मिटवणार. त्याच ताग्यातलं कापड उरलं होतं, मलाही शर्ट शिवून घेतला. ट्रिपसोबत यायला शाळेला एक पालक हवा होता, नाव देऊन टाकलं. दिवसभर उन्हात हाच शर्ट घालून फिरतो. मग बोलू दे कोणाला काय बोलायचं ते.

११ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी
बसमध्ये बघतो तर लखनच्या अंगावर सुती शर्ट. योगितानं गुपचूप शिवून घेतलेला. वाटेत चलथाण गाव येईपर्यंतच पार चुरगळला. माझ्या शर्टाला एक चुणी नाही. पण तो मागच्या बाकावर पाच पोरांत दाटीवाटीनं बसून ओरडत होता, म्हणून सोडून दिलं.

माझ्या शेजारी दिपाली टीचर होत्या. त्या पोरं मोजायला उठल्या आणि पुढे दरवाज्याशीच उभ्या राहिल्या. बारडोलीत ऊन मरणाचं. परतताना आख्खा बाक मला एकट्याला. मस्त पाय पसरून बसलो. मोकळं वाटलं. खरं तर वाईट वाटलं.

अर्ध्या वाटेत लखन मागून उठून आला, शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, खोटू नका लावून घेऊ. मोठं झालं की येतोच घामाचा वास. आंघोळ करून अंग कोरडं करायचं आणि डिओ काखेत मारायचा, शर्टावर नाही. आणि ह्या कापडात ना, घाम अडकून बसतो."

खोटू म्हणजे वाईट. गुजराती शाळेत जातो. बाकी सगळं शुद्ध मराठीत, न अडखळता.

कोणी शिकवलं, विचारलं. मम्मीनं, उन्हाळ्याच्या सुट्टीतच. तेव्हापासून तो सगळं नीट करतोय. फक्त शर्टाचं मला कसं पटवायचं, ते दोघांनाही सुचत नव्हतं.

मग माझ्या तीन-तीन मीटिंगा कशाला ऐकल्यास, म्हणालो.

"तुम्ही एवढी तयारी करून आला होता ना."

मागून पोरं त्याला हाका मारत होती. गेला नाही. सुरत येईपर्यंत माझ्याच शेजारी बसला. खिडकीतून तोंड बाहेर काढून, पण बसला.